ट्रॉलीचा तांबडा दिवा

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडील रस्ते रात्रीही जागे असतात. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे संथपणे जात असतात. मागून वेगाने येणाऱ्या चालकाला अंधारात ट्रॉली दिसावी, म्हणून तिच्या पाठीशी तांबडे दिवे असतात. ते विझलेले असले, तर ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि भीषण अपघात घडतो. एवढ्याशा दिव्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

दिवा का लागत नाही हे शोधायचे, तर विजेची वाट ठाऊक हवी. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून निघालेली वीज वितळतार व बटण यांमधून ट्रॅक्टरच्या मागील सॉकेटपर्यंत येते. तेथे ट्रॉलीच्या तारा प्लगने जोडलेल्या असतात. पुढे वीज बल्बमध्ये शिरते, त्यातील बारीक तार तापवून प्रकाश देते आणि ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्यातून, प्लगमधील एका तारेने, बॅटरीकडे परतते. परतीच्या या जोडाला कारागीर 'अर्थ' म्हणतात. जाण्याची व येण्याची, दोन्ही वाटा अखंड असतील, तरच दिवा लागतो.

शोध घेताना सगळ्याच तारा उपसू नयेत. एकच दिवा विझला असेल, तर दोष बहुधा त्याच्या बल्बमध्ये किंवा गंजलेल्या होल्डरमध्ये असतो. सगळेच विझले असतील, तर दोष सर्वांच्या सामाईक वाटेवर असतो. अशा वेळी प्लग काढावा आणि दिव्यांचे बटण चालू ठेवावे. दोन तारा जोडलेला एक लहान बल्ब घेऊन त्याची एक तार ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला व दुसरी सॉकेटमधील मागच्या दिव्यांच्या टोकाला टेकवावी. बल्ब लागला, तर वीज तेथवर पोचली आहे आणि दोष प्लगमध्ये किंवा ट्रॉलीत आहे. न लागला, तर दोष ट्रॅक्टरमध्ये आहे. एकाच परीक्षेने निम्मे काम होते!

वळण्याची खूण देताच भलतेच दिवे मंद लुकलुकू लागले, तर 'अर्थ' सुटला असे समजावे. सरळ परतीची वाट न मिळाल्यामुळे वीज दुसऱ्या दिव्यांतून आडवाट काढत असते. जोडाखालचा रंग व गंज खरवडून बोल्ट घट्ट आवळला, की हा दोष बहुधा जातो.

नवी घातलेली वितळतारही लगेच वितळली, तर कोठेतरी तारेचे वेष्टण सोलून ती लोखंडाला टेकलेली असते. ती जागा न शोधता वितळतारेच्या ठिकाणी जाड तार घालणे म्हणजे आगीशी खेळ होय.

शेवटी ट्रॉलीच्या मागे जाऊन पाहावे. लोंबणारे वाढे किंवा साचलेला चिखल यांनी दिवा झाकला असेल, तर तो लागूनही व्यर्थच. चालकाला पाठीमागचा दिवा बसल्या जागेवरून दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वी खाली उतरून तो पाहण्याची सवय हीच खरी दक्षता होय.