काळ्या जमिनीतील अर्थिंग : कामगारांच्या सुरक्षिततेचा पाया

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा हा कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा काळ्या जमिनीचा प्रदेश होय. येथील जिनिंग कारखाने व डाळ गिरण्या विजेवर चालतात. विजेच्या तारा सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु कामगाराच्या जीविताचे रक्षण करणारी तार जमिनीत गेलेली असते आणि बहुधा विस्मरणातही गेलेली असते. हिलाच भूसंपर्कन, अर्थात नित्याच्या भाषेत अर्थिंग, असे म्हणतात.

मोटारीच्या गुंडाळीचे आवरण उष्णतेने किंवा ओलाव्याने खराब झाले की वीज तिच्या लोखंडी कवचात उतरते. ही वीज रोहित्राच्या न्यूट्रल बिंदूकडे सुलभतेने परतावी, मोठा प्रवाह वाहून फ्यूज तत्काळ वितळावा आणि पुरवठा बंद व्हावा, हा अर्थिंगचा हेतू असतो. केवळ जमिनीत सळई पुरल्याने तो साधतोच असे नाही.

एक साधे गणित पाहू. गिरणीच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि रोहित्राजवळील अर्थिंगचा ३ ओहम आहे असे मानले, तर २४० व्होल्ट दाबाखाली जमिनीतून केवळ ३० अँपिअर प्रवाह वाहील. २५ अश्वशक्तीची मोटार नित्याच्या कामातच सुमारे ३५ अँपिअर घेते, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तेवढा प्रवाह सोसणारा फ्यूज या ३० अँपिअरच्या भराने लगेच वितळेल याची शाश्वती नाही. दरम्यान मोटारीच्या कवचावर १५० व्होल्ट दाब राहतो. मोटार चालूच असते, दोष दिसत नाही, आणि घामेजल्या हाताचा कामगार तिला स्पर्श करतो.

काळ्या जमिनीमुळे हा धोका अधिक वाढतो. पावसाळ्यात ओली माती वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या सळईपासून माती सुटते. जेथे थोड्याच खोलीवर मुरूम व कातळ लागतो, तेथे सळई ओलाव्यापर्यंत पोहोचतही नाही. वरील उदाहरणातील गिरणीचा रोध ५ वरून १५ ओहमवर गेला, तर प्रवाह जेमतेम १३ अँपिअर उरतो आणि कवचावरील दाब २०० व्होल्ट होतो. तूर व हरभऱ्याची नवी आवक येऊन डाळ गिरण्या भरात चालतात, त्याच सुमारास जमीन कोरडी पडू लागते. पावसाळ्यात घेतलेल्या चाचणीवर वर्षभर विसंबणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

ही जाणीव नवी नाही. पुरवठादाराच्या अर्थिंगची चाचणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, किमान दोन वर्षांतून एकदा घ्यावी, अशी तरतूद भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच होती. मोटारीच्या कवचास दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या असाव्यात, हा दंडकही तितकाच जुना आहे. एक जोडणी गंजून तुटली तरी दुसरी कामगाराला वाचविते.

कारखान्याचे स्वतःचे रोहित्र असल्यास मोटारीपासून न्यूट्रलच्या अर्थिंगपर्यंत धातूची अखंड पट्टी असावी, म्हणजे दोषप्रवाहाला मातीच्या भरवशावर राहावे लागत नाही. जेथे पुरवठा बाहेरील रोहित्रावरून येतो, तेथे गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण अत्यावश्यक होय. व्यक्तीच्या रक्षणासाठी ते सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीवर चालणारे असते. त्याचे चाचणीचे बटण नियमितपणे दाबून पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालणे उपयुक्त आहे. परंतु ते मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून एप्रिल-मे महिन्यात रोध मोजून घ्यावा आणि तो आकडा तारखेसह खड्ड्याजवळील फलकावर लिहावा. यास लागणारा वेळ व खर्च अल्प आहे. तो आकडा दरवर्षी वाढत असेल, तर जमिनीने दिलेला तो इशाराच समजावा. कारण मोटार मात्र शेवटपर्यंत सुरळीत चालत असते.