मोजणी फेब्रुवारीत, माणसं भाद्रपदात

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दुष्काळ नाही, साथ नाही, आणि ८१,७०८ माणसं कमी. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. तिसरं नाव वाचून कोकणी माणसाला हसू यावं. गिरणगावात टॉवर उभे राहिले आणि चाकरमानी डोंबिवली, नालासोपारा, विरारला सरकला. आधी गाव सुटलं, मग मुंबईही.

गाव सोडायची सवय जुनीच. १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली, तेव्हापासून रत्नागिरीचा गडी तिकडे वळला. इथे जमीन कातळाची, भाताचे तुकडे टीचभर, आणि त्यावर खोताचा वाटा. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ साल उजाडलं. मग महिन्याची मनीऑर्डर हाच संसार. २०११ च्या मोजणीतही जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. बायका जास्त जन्मल्या असं नव्हे, बाप्ये बाहेर होते. १९८२ च्या संपाने गिरणी गेली, पण गडी गावी परतला नाही. मनीऑर्डर मात्र आटली, आणि २०१५ साली पोस्टाने तिची जुनी पद्धतच मोडीत काढली.

माणसं घटली तशी मिळकतही घटली असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. १९९० साली रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली, अनुदान मिळालं, आणि कातळावर सुरुंग लावून खड्डे मारून हापूस उभा राहिला. शिवाय काजू आहे, मिरकरवाड्याची मासळी आहे, लोट्याचे कारखाने आहेत, खेड-दापोलीकडे आखाती पैसाही आहे.

पण बाग राखायला घरचं माणूस नाही. दिवाळी सरली की नेपाळी गडी सहकुटुंब बागेतल्या खोपीत येऊन राहतात. फवारणी, राखण, उन्हाच्या आत झेल्याने आंबा उतरवणं, मग प्रतवारी करून पेंढ्यात पेटी भरणं, सगळं तेच करतात. पेटी वाशीला जाते. दर तिथला दलाल ठरवतो, आणि बऱ्याचदा त्याचीच उचल बागायतदाराने आधी घेतलेली असते. खाली मळ्यात भात लावायला माणूस मिळत नाही म्हणून जमीन पड, आणि पड जमिनीत रान वाढलं की डुकरं नि वानरं राहिलेल्या शेतात शिरतात. पिकवणाऱ्याने कंटाळून सोडलं की आणखी एक शेत पड. पैसा आहे, हात नाहीत, असा हा प्रकार.

या घटीची किंमत मतपेटीतही मोजली गेली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा सातावरून पाचवर आल्या. खेड आणि संगमेश्वर ही नावं यादीतून गेली. राजापूर शहराचं तर काय सांगावं! सतराव्या शतकात जिथे इंग्रजांनी वखार घातली, त्या बंदराची खाडी गाळाने भरली आणि २०११ ला नगरपरिषदेची वस्ती दहा हजारांच्या आत होती.

आता गंमत पाहा. २०११ ची मोजणी झाली फेब्रुवारीत, म्हणजे घरं बंद असताना. गणपतीत याच घरांच्या पडवीत झोपायला जागा नसते, रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात, विहिरीचा रहाट थांबत नाही, गावातल्या एकुलत्या डॉक्टरपुढे रांग लागते. नळयोजना मात्र बंद कुलपांच्या हिशेबाने आखली जाते.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. चाकरमानी जिथे राहतो तिथेच मोजला जाणार, आणि ते योग्यच आहे. पण ग्रामपंचायतीला आपली वही ठेवायला कोणी अडवलेलं नाही. पुढच्या गणपतीत वाडीवाडीतून एकदा फिरा, घरटी माणसं लिहा, बंद घरंही लिहा, आणि पाण्याचा नि एसटीचा प्रस्ताव पाठवताना तो कागद सोबत जोडा.