नाताळची सहल आणि गोठ्याची सावड
नाताळच्या सुटीत मुले खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा हट्ट धरतात. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानात उलटेसुलटे फिरवणारे मोठे पाळणे आहेत. पण निरगुडसर परिसरात तेव्हा कांद्याची लागण, रब्बीचे पाणी आणि भीमाशंकर कारखान्याची ऊसतोड असते. शिवाय दोन वेळच्या धारा चुकत नाहीत. त्यामुळे गोठ्यापाशी घरची बाईच मागे राहते.

यंदा लागणीप्रमाणे गोठ्याचीही सावड करा. आज शेजाऱ्याने तुमच्या धारा काढाव्यात, उद्या तुम्ही त्याच्या. अनोळखी हाताला गाय पान्हा चोरते, म्हणून शेजाऱ्याला चार दिवस आधीपासून धारेला बसवा. मोठ्या पाळण्यात उंची मोजूनच बसवतात, हे मुलांना घरीच सांगा. आणि गाडीत पहिली जागा कारभारणीला द्या.