गृहसजावटीतील लघुरोपे व पुष्परचना : सौंदर्य, शास्त्र आणि निगा

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. निवाऱ्याची गरज भागल्यानंतर तो निवारा प्रसन्न करण्याची ओढ माणसाला लागते. दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण, अंगणातील तुळशीवृंदावन, देवघरातील फुलांची परडी आणि गोमंतकातील गणेशचतुर्थीची माटोळी ही या ओढीची आपल्या परिचयाची रूपे आहेत. कालौघात वाडा व अंगण जाऊन सदनिका आली, पाट व पंगत जाऊन जेवणाचे टेबल आले. त्याबरोबर ही सजावटही अंगणातून दिवाणखान्यात व जमिनीवरून टेबलावर आली. जागा बदलली, परंतु नव्या जागेसाठी लागणारे ज्ञान त्याच वेगाने आले नाही.

गृहविज्ञानाच्या अध्यापनात पुष्परचना हा घटक बहुधा तोल, लय, प्रमाण व रंगसंगती या कलातत्त्वांच्या आधारे शिकविला जातो. ही तत्त्वे आवश्यकच आहेत. तथापि सजावटीसाठी आणलेली वनस्पती ही शोभेची वस्तू नसून सजीव असते, ही बाब त्यात मागे पडते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, प्रकाश, पाणी आणि त्या वनस्पतीच्या सान्निध्यात वावरणारी माणसे यांचा विचार आधी व्हावा आणि सौंदर्याचा विचार त्यावर उभा राहावा. हा क्रम उलटला की रोप मरते, फूल अकाली कोमेजते आणि क्वचित घरातील माणसांच्या आरोग्यालाही बाधा पोहोचते.

उद्दिष्टे :

१. पारंपरिक वनस्पती-सजावटीमागील औचित्यविचार समजून घेणे.
२. घरातील लघुरोपांसाठी प्रकाश व पाणी यांचे महत्त्व स्पष्ट करणे.
३. खुडलेले फूल दीर्घकाळ टिकविण्यामागील शास्त्रीय कारणे मांडणे.
४. जेवणाच्या टेबलावरील सजावटीचे सुरक्षिततेच्या दृष्टीने निकष सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन व प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

विवेचन :

१) परंपरेतील औचित्यविचार

आपल्या परंपरेतील सजावट ऋतूला, जागेला आणि मुदतीला बांधलेली होती. दसऱ्याला झेंडू, श्रावणात पत्री, भाद्रपदात तेरडा असा तिचा क्रम ठरलेला असे. कोकणात तेरड्याच्या रोपांची गौर आणतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो. परंतु आवाहन, पूजन व विसर्जन अशा तीन दिवसांच्या माहेरवाशिणीसाठी तीन दिवसांचेच फूल निवडणे यात मोठे औचित्य आहे. गोमंतकातील माटोळीत गणपतीच्या मूर्तीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातील फळे, फुले व पाने बांधतात. ही माटोळी बांधणाऱ्याला रानातील वनस्पतींची ओळख असावीच लागते.

पंगतीतही पानाभोवती रांगोळीची महिरप काढली जाई व उदबत्ती लावली जाई. अन्नाच्या जागेत मात्र काही ठेवले जात नसे. जपानमधील चहाच्या समारंभासाठी केली जाणारी ‘चाबाना’ ही पुष्परचनाही याच वृत्तीची आहे. तीत ऋतूतील एखाददुसरे फूल साध्या पात्रात ठेवले जाते आणि उग्र वासाची फुले वर्ज्य मानली जातात. दोन भिन्न संस्कृतींमध्ये अल्प साधनांत प्रसन्नता साधण्याचा हा विचार आढळतो, हे लक्षणीय होय.

२) प्रकाश : डोळ्यांची फसगत

घरातील रोपे दगावण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे प्रकाशाचा चुकीचा अंदाज. भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो, तर दिवे लावलेल्या खोलीत तो बहुधा काही शे लक्स एवढाच असतो. आपल्या डोळ्याची बाहुली मंद प्रकाशात विस्फारते, त्यामुळे ही प्रचंड तफावत आपल्याला जाणवत नाही. रोपाला मात्र ती उपासमार ठरते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या घरातच सापडते. घटस्थापनेला पेरलेले धान्य नऊ दिवसांत उंच, नाजूक व पिवळसर वाढते. दसऱ्याला ग्रामीण भागात हेच तुरे टोपीत खोवले जातात. देवघरातील अपुऱ्या प्रकाशात पुरेसे हरितद्रव्य तयार होत नाही आणि अंकुर प्रकाशाच्या शोधात लांबतो, म्हणून त्याला ते रूप येते. बीजातील साठ्यावर नऊ दिवस निभावतात. पुढे तो अंकुर तसाच तगणे शक्य नसते. काळोख्या कोपऱ्यातील कुंडीची अवस्था याहून निराळी नाही. भरपूर ऊन मागणारी तुळस दिवाणखान्यात रुजत नाही, यात तिचा किंवा गृहिणीचा दोष नसतो. मनी प्लांट, सर्पपर्णी (स्नेक प्लांट) व स्पायडर प्लांट ही रोपे कमी प्रकाश सहन करतात. मात्र सहन करणे म्हणजे मानवणे नव्हे. अशी रोपे आलटून पालटून काही दिवस खिडकीजवळ ठेवणे हितावह ठरते.

३) पाणी : रोपाचे आणि डासाचे

प्रकाश कमी असला की रोपाकडून होणारे बाष्पोत्सर्जन मंदावते व माती दीर्घकाळ ओली राहते. ओल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. मग पाने पिवळी पडतात. ती पाहून तहान समजली जाते व आणखी पाणी घातले जाते. तळाला छिद्र नसलेल्या शोभेच्या कुंड्यांत हे विशेषत्वाने घडते. म्हणून ठरावीक वारी पाणी घालण्यापेक्षा मातीत बोट घालून वरचा थर कोरडा झाल्याची खात्री करावी आणि मगच पाणी द्यावे.

पाण्याचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखिकेच्या घरी तपासणीसाठी आलेल्या आरोग्य कर्मचारी महिलेने टेबलावरील मनी प्लांटच्या बाटलीवर विजेरीचा झोत टाकला आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या. वर्गात गृहव्यवस्थापन शिकविणाऱ्या व्यक्तीच्या घरातील ही स्थिती होती. ‘पाणी तर मी बदलते’ हे लेखिकेचे उत्तर खरे होते, पण अपुरे होते. डेंग्यूचा प्रसार करणारा ईडिस इजिप्ती जातीचा डास घरातील अशाच साठलेल्या पाण्याच्या आश्रयाला येतो. त्याची मादी पाण्याच्या पातळीलगत, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरड्या अवस्थेतही काही महिने तग धरतात व पाण्याचा स्पर्श होताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा बाटली, फुलदाणी व कुंडीखालची थाळी रिकामी करून आतून घासली पाहिजे. ‘कोरडा दिवस’ पाळण्याच्या आवाहनाचा अर्थ फुलदाणीलाही लागू होतो. बाटलीतील रोप मातीत लावणे हा त्याहून सोपा उपाय होय.

४) खुडलेल्या फुलाचे शास्त्र

खुडलेले फूल मूळ गमावते, परंतु त्याचे श्वसन व बाष्पोत्सर्जन चालूच असते. ते कोमेजण्याची मुख्य कारणे तीन : देठातील जलवाहिन्यांत हवा शिरणे, त्या जिवाणूंमुळे तुंबणे आणि साठविलेली शर्करा संपणे. यांवरून निगेचे नियम आपोआप ठरतात. फुले सकाळी लवकर खुडावीत. देठ पाण्यात बुडवून धारदार सुरीने तिरका कापावा, म्हणजे हवा आत शिरत नाही व देठाचे टोक भांड्याच्या तळाला चिकटून बसत नाही. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत; ती कुजून जिवाणू वाढतात. पाणी रोज बदलावे आणि दर वेळी देठाचा सुमारे २ सेंटिमीटर भाग नव्याने कापावा. पाण्यात नुसती साखर घालणे अहितकारक ठरते, कारण फुलापेक्षा जिवाणूच तिचा लाभ अधिक घेतात. साखरेसोबत आम्ल व जंतुनाशक असेल तरच तिचा उपयोग होतो.

प्रत्येक फुलाचा स्वभाव निराळा असतो. निशिगंध व ग्लॅडिओलस यांच्या कळ्या खालून वर उमलत जातात, म्हणून खालची सुकलेली फुले काढत गेल्यास दांडा अनेक दिवस शोभतो. जरबेऱ्याचा लवदार देठ खोल पाण्यात कुजतो. त्याला उथळ पाणी मानवते. फळांचे तबक व फुलदाणी शेजारी ठेवण्याची प्रथाही तपासून पाहण्याजोगी आहे. पिकणारे आंबे व केळी इथिलीन वायू सोडतात आणि त्या वायूमुळे कार्नेशनसारखी फुले लवकर मिटतात.

रचनेसाठी वापरला जाणारा हिरवा फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनविलेले प्लास्टिक असून त्याचा चुरा सांडपाण्यातून निसर्गात जातो. त्याऐवजी पिनहोल्डर, ओली वाळू, आडव्या-उभ्या काटक्यांची जाळी किंवा केळीच्या खांबाचा तुकडा वापरता येतो. विद्यार्थिनींना हे साहित्य विनाखर्च उपलब्ध होते, हा त्याचा आणखी एक लाभ.

५) जेवणाच्या टेबलाचे निकष

टेबलावरील रचना बसलेल्या व्यक्तीच्या नजरेखाली, म्हणजे साधारण २५ ते ३० सेंटिमीटर उंचीची असावी. समोरासमोर बसलेल्यांचा संवाद तिने अडवू नये. मोगरा, निशिगंध यांचा सुगंध दिवाणखान्यात आल्हाददायक असला तरी अन्नाच्या गंधावर तो मात करतो. पराग सांडणाऱ्या लिलीसारख्या फुलांनी कापडावर डाग पडतात.

याहून महत्त्वाचा निकष विषारीपणाचा आहे. कण्हेर व पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी यांत हृदयक्रियेवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. कळलावीचे देखणे फूलही विषारी वनस्पतीचे आहे. डिफेनबॅकियाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असून पान चावल्यास तोंड व जीभ सुजते. मनी प्लांटमध्येही हा दोष कमी प्रमाणात आहे. लहान मुले असलेल्या घरात अशी रोपे हाताच्या अंतरावर असू नयेत आणि अशी फुले फराळाच्या ताटात शोभेसाठी ठेवू नयेत. बाजारातील फुलांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते, म्हणून तीही अन्नाला लागू देऊ नयेत. टेबलासाठी घरचा गुलाब किंवा जास्वंद, अथवा खिडकीत वाढविलेली पुदिना व पानओवा यांची छोटी कुंडी हे पर्याय सुरक्षित व सुबक आहेत.

६) हवा शुद्ध करण्याचा दावा

रोपे घरातील हवा शुद्ध करतात, असे रोपवाटिकांतून सर्रास सांगितले जाते. या समजाचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ते प्रयोग बंदिस्त लहान पेट्यांत झाले होते. ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज व वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा १२ अभ्यासांचा फेरआढावा घेतला. इमारतीत नैसर्गिकरीत्या होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला किमान १० आणि कमाल १,००० रोपे लागतील, असे त्यांना आढळले. तात्पर्य, शुद्ध हवेसाठी खिडकी उघडणे हाच मार्ग आहे. रोप ठेवावे ते त्याच्या हिरवेपणासाठी. हे कारण लहान नाही व त्याला खोट्या उपयुक्ततेची जोड देण्याची गरजही नाही.

निष्कर्ष :

१. पारंपरिक सजावटीत ऋतू, जागा व मुदत यांचे भान होते. आधुनिक सजावटीत ते जाणीवपूर्वक आणावे लागते.
२. रोपाची निवड आवडीपेक्षा उपलब्ध प्रकाशावरून करणे श्रेयस्कर ठरते.
३. साठलेले पाणी हा सजावटीतील मोठा आरोग्यधोका असून भांडे दर आठवड्याला घासणे हा त्यावरील परिणामकारक उपाय आहे.
४. जेवणाच्या टेबलावरील वनस्पती बिनविषारी, मंद गंधाच्या व अल्प उंचीच्या असाव्यात.
५. पुष्परचनेच्या अध्यापनात कलातत्त्वांबरोबर वनस्पतिशास्त्र व आरोग्य यांचा समावेश होणे आवश्यक आहे.

समारोप :

गृहसजावट हा खर्चाचा विषय मानला जातो. वस्तुतः तो निगेचा विषय आहे. वाटीभर पाण्यातील दोन जास्वंदीची फुले आणि खिडकीतील पुदिन्याची कुंडी एवढ्यानेही जेवणाचे टेबल प्रसन्न होते, मात्र ते पाणी उद्या बदलणारा हात घरात हवा. पुष्परचनेच्या प्रात्यक्षिकाला गुण देताना पहिल्या दिवशीच्या देखाव्याबरोबर चौथ्या दिवशी ती रचना कशा स्थितीत आहे, हेही आपण प्राध्यापकांनी पाहिले, तर विद्यार्थिनी सजावटीबरोबर निगा शिकतील.