सर्किट बोर्डाचें माप फायलींतून कसें काढावें



आपल्या घरांतील रेडिओ उघडून पाहिला, तर आंत तांब्याच्या बारीक रेषांचें जाळें असलेली एक हिरवी पाटी दिसते. हाच सर्किट बोर्ड. कारखाना तो बनवितो, तो आपण धाडलेल्या फायलींवरून. त्यांत प्रत्येक रेषेचा ठावठिकाणा असतो. परंतु बोर्ड किती लांब व किती रुंद, हें बहुधा एकाही ओळींत लिहिलेलें नसतें. आणि किंमत तर पुष्कळ अंशीं क्षेत्रफळावर ठरते! तें माप कसें काढावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

या फायलींच्या लिपीस गर्बर म्हणतात. व्हिएन्ना येथें १९२४ सालीं जन्मलेले व पुढें अमेरिकेंत गेलेले जोसेफ गर्बर यांच्या कंपनीनें फोटोप्लॉटर नांवाचीं यंत्रें बनविलीं. त्यांवरून हें नांव पडलें. हें यंत्र प्रकाशाच्या लेखणीनें फिल्मवर चित्र काढी. त्याच्या मुख्य आज्ञा तीन. 'डी ०२' म्हणजे प्रकाश झांकून अमुक ठिकाणीं जा. 'डी ०१' म्हणजे प्रकाश उघडा ठेवून रेषा ओढीत जा. आणि 'डी ०३' म्हणजे तेथेंच एक ठसा उमटव. यंत्रें बदललीं, तरी या आज्ञा अजून त्याच आहेत.

बोर्डाच्या कडेची बाह्यरेषा बहुधा वेगळ्या फायलींत असते. ती साध्या मजकुराची असल्यामुळें कोणासही वाचतां येते. प्रथम आरंभींच्या दोन ओळी शोधाव्या. एकींत एकक असतें: 'एमओआयएन' म्हणजे इंच व 'एमओएमएम' म्हणजे मिलिमीटर. दुसरींत आंकड्यांची रचना असते: 'एक्स २४' म्हणजे पूर्णांकाचे २ व दशांशाचे ४ अंक. आंकड्यांत दशांशचिन्ह लिहीत नाहींत. तें आपणच मनानें घालावयाचें.

समजा, एकक इंच आहे. एक्सचा सर्वांत लहान आंकडा ५००० व सर्वांत मोठा ४०००० आहे. वायचे तसेच आंकडे ५००० व २५००० आहेत. शेवटचे चार अंक दशांशाचे धरले कीं एक्स ०.५ पासून ४ इंचांपर्यंत, व वाय ०.५ पासून २.५ इंचांपर्यंत जातो. वजाबाकी केली कीं लांबी ३.५ इंच व रुंदी २ इंच, म्हणजेच ८८.९ व ५०.८ मिलिमीटर. केवळ मोठा आंकडा पाहून त्यासच लांबी समजूं नये, कारण चित्राचा आरंभ शून्यापासूनच होतो असें नाहीं.

गणित इतकें सोपें असूनही तीन ठिकाणीं फसगत होते. पहिलें, रेषेची जाडी. फाईल दाखविणारे कांहीं प्रोग्राम चित्राची बाहेरची चौकट मोजतात. रेषा ०.०१ इंच जाड असेल, तर दोन्ही टोकांस तिची निम्मी निम्मी जाडी मिळून ३.५१ इंच दिसतात. बोर्डाची कड रेषेच्या मध्यावर धरावयाची, म्हणून ही जाडी एकदां वजा करावी. दुसरें, गोलाई. आज्ञेंत कंसाचीं टोकें व केंद्र असतें, फुगवटा नसतो; कड अर्धवर्तुळाकार असल्यास त्रिज्या मिळवावी लागते. तिसरें, बाहेरची भर. नकाशाची चौकट, मापांच्या टिपा किंवा एकत्र मांडलेले अनेक बोर्ड त्याच फायलींत असूं शकतात. एकाच बोर्डाची बंद आकृति तेवढी घ्यावी.

उत्तराचा पडताळाही घ्यावा. दोन ओळींत जाड पाय असलेल्या जुन्या धर्तीच्या आयसीच्या लगतच्या पायांत ०.१ इंच अंतर असतें. वरील रचनेंत त्या दोन ठशांच्या आंकड्यांत १००० चा फरक पडला पाहिजे. फरक जुळला, तर एकक व दशांश दोन्ही बरोबर. फार जुन्या प्रकारच्या फायलींत एकक लिहिलेलेंच नसे. तो प्रकार २०१४ सालीं रद्द ठरविण्यांत आला. तथापि बंद पडलेल्या यंत्राचा बोर्ड पुन्हां बनवूं पाहणारास अशाच फायली हातीं येतात, आणि तेथें हा पडताळाच आधार होतो.

शेवटीं बाह्यरेषा कागदावर मूळ मापांत छापून, कापून, उपकरणाच्या पेटींत ठेवून पाहावी. कागद बसला नाहीं, तर एक कागद वायां जातो. बोर्ड बसला नाहीं, तर सगळी मागणी वायां जाते.