मानसशास्त्राची पदवी कशी मिळते?

मानसशास्त्रातील बी.ए.ला प्रवेश घेण्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे ही मूळ अट असते आणि बहुतेक महाविद्यालयांत कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात, त्यांपैकी किमान 60 मुख्य विषयाचे. उरलेले श्रेयांक गौण विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, आंतरवासिता यांतून येतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रातले 15 तास अध्यापन किंवा 30 तास प्रात्यक्षिक.

मुख्य विषयात सामान्य, विकासात्मक, सामाजिक आणि अपसामान्य मानसशास्त्र शिकवले जाते. खरी कसोटी मात्र संख्याशास्त्रात आणि संशोधनपद्धतीत लागते. मनाविषयी कुतूहल घेऊन आलेला विद्यार्थी प्रमाण विचलन, सहसंबंध पाहून गांगरतो. पण स्मृती किंवा अवधानाच्या प्रयोगात हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ त्यांच्याविना लावता येत नाही. म्हणून हा भाग टाळू नये.

चौथ्या वर्षाअखेर 160 श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते. संशोधनासह ऑनर्स हवी असल्यास पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात आणि 12 श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो.

केवळ या पदवीवर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्येत पदव्युत्तर शिक्षणाची अट आहे. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे ध्यानात घ्यावे.