होडीच्या हॅचचा टेकू घसरतोय?



उन्हाळा आला की आपल्यापैकी काही कुटुंबे चेसापीकच्या उपसागरात होडी घेऊन जातात. गेल्या मोसमात आमच्या होडीचे हॅच, म्हणजे डेकवरचे झडपेसारखे दार, हवेसाठी उघडे ठेवले होते. टेकू हळूच घसरला आणि दार धाडकन मिटले. पुतणीने हात क्षणभर आधी काढला म्हणून बोटे वाचली! टेकू महिनाभर थोडा थोडा घसरत होता. "बघू नंतर" म्हणत मीच टाळले होते. दुरुस्ती एका तासाची निघाली.

सुरुवातीलाच एक सांगतो. काम करताना दाराखाली मजबूत लाकडी दांडका उभा करा आणि मुलांना लांब ठेवा.

टेकू मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

१) घर्षणावर धरणारा टेकू

यात एका नळीत दुसरी नळी सरकते आणि गोल मूठ पिळून ती घट्ट करतात. मिठाचा थर, सनस्क्रीनचा तेलकटपणा, झिजलेला नायलॉनचा वायसर किंवा सैल स्क्रू यांमुळे पकड जाते.

- टेकू सोडवून गोड्या पाण्याने व साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा.
- वायसर गुळगुळीत झाला असेल तर बदला.
- स्क्रू पाव-पाव फेरा आवळून पाहा. जोर लावू नका, आटे जातील. आटे आधीच गेले असतील तर तो भाग नवा घ्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे तेल मारणे! हा टेकू घर्षणावरच उभा असतो, तेलाने तो आणखी घसरतो.

आणखी एक, हॅचची पारदर्शक काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. अ‍ॅसिटोन, अल्कोहोल किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव तिच्यावर लागू देऊ नका, बारीक चिरा पडतात.

२) गॅसचा टेकू

यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. थंडीत दाब कमी होतो. ३० अंश सेल्सिअसवरून ० अंशावर आल्यास तो सुमारे १० टक्क्यांनी उतरतो. म्हणून दुपारी टिकणारे दार पहाटे खाली येत असेल, तर गॅस कमी झाला असे समजा. हा टेकू घरी दुरुस्त होत नाही. तो कापू, भोसकू किंवा तापवू नका, स्फोटासारखा फुटू शकतो.

नवा घेताना नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा (४.४५ न्यूटन म्हणजे १ पौंड बल), पूर्ण उघडलेली लांबी आणि टोकांची जोडणी जुळवा. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील चांगले. दोन टेकू असतील तर दोन्ही एकदम बदला. दार मिटलेले असताना बारीक दांडा खालच्या बाजूला येईल असे बसवा. त्यामुळे आतले तेल सीलवर राहते आणि सील टिकते.

होडी नसलेल्यांनो, तुमच्या मिनीव्हॅनचे मागचे दारही बहुधा असाच गॅसचा टेकू तोलून धरतो! या शनिवारी पाच मिनिटे काढून ते तपासा. सामान काढताना मुलांची डोकी त्याच दाराखाली असतात.